खिळ्यांचा मालक

एक होता कासम नालबंद आणि एक होती त्याची बायको जैतुनबी. बैलांच्या खुरांना पत्र्या ठोकून दोघं पोट भरत. पण लोखंड महागलं आणि भट्टी विझली. इनामदारांच्या माळावर गुरांचा बाजार भरे, तिथल्या मातीत पत्र्या नि खिळे गळून पडलेले असत. जैतुनबी ते वेचायची परवानगी मागायला गेली, तर गड्यानं दारातूनच हाकललं. मग ती मुद्दाम बाजारच्या दिवशी, काठीला लोहचुंबक बांधून बाजारात बसलेल्या इनामदारांपुढे उभी राहिली आणि तीच परवानगी मागितली.

इनामदार हसले. "माझ्या मातीत पडलं ते माझं. खिळासुद्धा."

"बरं झालं मालक, चारचौघांत बोललात," म्हणत ती बाजाराकडे वळली. "बाबांनो, ज्याच्या बैलाच्या पायात इथला खिळा घुसलाय, त्यानं नशिबाला बोल लावू नये. खिळ्याचे मालक हे इथं बसलेत."

लंगडे बैल घेऊन तिघं-चौघं पुढे सरकले. इनामदारांनी पागोटं सावरलं.

"अगं, ते खिळे माझे कशाला असतील?"

"मग तुमचे नसलेले मी वेचते."

त्या दिवसापासून तिचा चुंबक माळभर फिरला. बैल लंगडायचे थांबले, बाजार दुप्पट भरू लागला आणि कासमची भट्टी पुन्हा कधी विझली नाही.