काठावरची गर्दी

"मग सोडू ना तिला, आपा?"

विचारताना तेजस्विनीने सूक्ष्मदर्शकावरून मान वर केली नाही. उत्तर आधीच ठाऊक असलेली माणसं असंच विचारतात.

हमीदाआपा तिच्या शेजारच्या स्टुलावर बसल्या होत्या. मिरजेच्या त्या इस्पितळात रोग्यांच्या अंगातले, काचेवर लावलेले तुकडे वाचण्यात त्यांची अख्खी हयात गेली होती. आता नजर गेल्यात जमा होती, तरी अडलेले डॉक्टर त्यांच्याकडेच येत. डॉ. तेजस्विनी ऐनापुरे मात्र अडली म्हणून आली नव्हती. तिच्याकडे दोन सुवर्णपदकं होती आणि तिसरं हुकल्याचा राग होता. ती शाबासकी घ्यायला आली होती.

"कुणाला सोडायचं?"

"मायाक्का कोळेकर. धनगराची सून, वय कोवळं. गर्भाशयाच्या तोंडाचा तुकडा आहे. कर्करोग नाही, पण विषाणूने त्या वाटेला लावलंय. या वयात पुष्कळींचं आपोआप बरं होतं. तिचा कळप कोकणात निघालाय. जाऊ दे म्हणते मी."

"परत कधी येणार?"

"पावसाच्या तोंडावर."

"वाट बघायची तर बाई डोळ्यांसमोर हवी. इतके महिने कुणाच्या भरवशावर सोडतेस?"

"तिच्याच अंगाच्या! आपा, तुम्ही बघा तरी..." तेजस्विनीने जीभ चावली. "म्हणजे, रखवालदार पेशींची ही गर्दी झालीय. रोगट थराखालचा सगळा काठ निळा झालाय. अंगाने शत्रू ओळखलाय. लढाई चालू आहे."

"चालू आहे?"

"हो."

"मेलंय कोण?"

तेजस्विनीने काच इकडून तिकडे सरकवली.

"कुणी नाही..."

"थरात किती शिरल्यात?"

तेजस्विनीने भिंग बदलून थर पुन्हा एका टोकापासून तपासला.

"सगळ्या काठावरच आहेत, आपा."

"काय करताहेत तिथं?"

"उभ्या आहेत."

खोलीत औषधाचा उग्र वास होता आणि खिडक्यांना काळे पडदे. तेजस्विनीला उगाच वाटलं, त्या पेशी कान देऊन थांबल्या आहेत. असलं वाटणं तिच्या पदकांना शोभणारं नव्हतं. तरी मानेवर काटा आला तो आलाच.

आपांनी चाचपत खण उघडला आणि एक काच काढून पुढे केली.

"ही लाव."

तेजस्विनीने ती लावली. "ही तिचीच की. तोच काठ, तीच गर्दी. रंग तेवढा फिका आलाय."

"नीट बघ."

"बघितलं. मायाक्काचीच आहे."

"जुबेदाची आहे. माझी धाकटी बहीण. तुझा जन्म व्हायचा होता, तेव्हा याच दुखण्यापायी आम्ही तिला माती दिली."

तेजस्विनीने डोळे झटकन मागे घेतले. मग पुन्हा लावले. बाई केव्हाच मातीत मिसळून गेली होती आणि तिचे रखवालदार अजून तिथेच होते. दाटीवाटीने, गप्प.

तिला भीती वाटली. सरळ, लहानपणी वाटायची तशी.

"पुढे का गेल्या नाहीत?" तिने विचारलं. आवाजात पदकं नव्हती.

आपांनी हात लांब करून सूक्ष्मदर्शकाचा दिवा मालवला.

"आता काय दिसतं?"

"काही नाही."

"त्यांनाही आतलं काही दिसत नाही."

...

दारात मायाक्का येऊन उभी राहिली. काखेत गाठोडं होतं.

"जाऊ का बाई? मेंढरं नदीपल्याड गेली. मालक वाटंला खोळंबल्यात."

तेजस्विनी उठली. तेवढा भाग काढून टाकायचा म्हणजे एका सकाळचं काम. पण त्यासाठी ही बाई इथे असायला हवी होती, आणि ती तर निम्मी वाटेलाच लागली होती.

"मायाक्का, आज जाऊ नको."

"का वो? दुखत न्हाई, खुपत न्हाई. सकाळी तुमीच म्हनला न्हवं, अंगातलं शिपाई गोळा झाल्यात म्हून?"

म्हणाली होती खरी. मोठ्या ऐटीत म्हणाली होती. तेजस्विनी आपांकडे वळली.

"आपा, काय सांगू हिला?"

आपांचे थिजलेले डोळे मायाक्काच्या ओटीपोटावर खिळले होते. अख्ख्या खोलीत तेवढंच एक त्यांना स्पष्ट दिसत असावं, असं ते बघणं होतं.

"सांग, सगळे दाराशी आलेत," त्या म्हणाल्या. "आत कुणी गेलेलं नाही."