महाराजांनी चोरलेला घोडा

खैरापूरच्या पागेतून सातवा घोडा चोरीला गेला आणि भद्रसेन महाराजांनी पुन्हा तोच हुकूम सोडला, "ज्याच्या हातून घोडा गेला, तो मोतद्दार घोड्याच्या जागी बांधा!"

झालं! घोड्यांची निगा राखणाऱ्या रावबा मोतद्दाराच्या हातापायांत अगाडी-पिछाडीचे दोर पडले, तोंडाला हरभऱ्याचा तोबरा लागला. त्याची लेक गोजरा भाकरी घेऊन आली, तर पहारेकरी म्हणाला, "घोड्यांना भाकरी चालत नाही." आधीचे सहा मोतद्दार रांगेत उभेच होते. त्यातला एक तर रोजच्या खराऱ्याने चांगला तुकतुकीत दिसू लागला होता.

गोजराला काही हसू आलं नाही. तिचा बा गुडघ्यांनी अधू, त्याला उभ्या उभ्या झोपणं जमेना. ती तडक दरबारात शिरली.

"सरकार, माझ्या बाला सोडा! त्याचा काय गुन्हा?"

"गुन्हा?" महाराज कडाडले. "पुढच्या दाराला अकरा कुलपं आहेत! पुढची भिंत किल्ल्याच्या तटाएवढी उंच केली! तरी घोडा जातो म्हणजे मोतद्दार झोपा काढतो!"

"भिंत उंच झाली खरी, सरकार. पण तिचे दगड मागच्या भिंतीचे काढलेत. मागं आता भिंतच न्हाई!"

सगळा दरबार एकदम खाकरला. ही गोष्ट प्रत्येकाला ठाऊक होती, पण बोलायची कुणाची छाती झाली नव्हती.

"मागून कोण येणार?" महाराज म्हणाले. "मागे रस्ता तरी आहे का?"

"चोराला रस्ता कशाला हवा? त्यानं मूठभर हरभरं दावलं की घोडं त्याच्या मागनं चालू लागतं. कुलपांच्या खर्चापायी तुम्ही घोड्यांची चंदी निम्मी केली. उपाशी घोडं धन्याचं का ऐकंल?"

महाराजांचा चेहरा उतरला, पण पीळ सुटेना. "मोठी शहाणी! मग तूच राख पागा. भिंत मिळणार नाही, कुलूप नाही, पहारा नाही. सोळाव्या दिवशी मी स्वतः दिवसाढवळ्या घोडा चोरणार. दिवस मावळेपर्यंत तो बाहेर राहिला, तर बापाशेजारी तुलाही बांधीन!"

"कबूल! फकस्त घोड्यांना पोटभर चंदी द्या, आन् तुमच्या जेवणाचा नगारा वाजंल तवाच द्या."

खैरापुरात तसा रिवाजच होता. भर दुपारी महाराजांचं पान वाढलं की नगारा वाजे, तो पार दोन कोसांवर ऐकू जाई. त्या दिवसापासून नगारा वाजला की गोजरा तोबरे चढवू लागली. आठ दिवसांत पहिल्या ठोक्यालाच घोड्यांचे कान ताठ! माळावर चरायला सोडलेले घोडेसुद्धा चौखूर धावत येऊन आपापल्या जागी उभे राहू लागले.

सोळाव्या दिवशी महाराज चोर होऊन निघाले. स्वतःच्या मिशीवर दुसरी मिशी चिकटवलेली, खांद्यावर घोंगडं आणि मागे छत्र धरलेला सेवक! वाटेत लोक मुजरे करत होते आणि चोर त्यांना विचारत होता, "ओळखलं नाहीत ना?"

"छे छे, महाराज! मुळीच नाही!" लोक म्हणत होते.

मागच्या बाजूने शिरून महाराजांनी सारंग नावाचा घोडा सोडला आणि भरधाव निघाले. गोजरा हरभरे निवडत बसली होती. तिने मानही वर केली नाही, पण निवडलेले हरभरे ती खड्यांतच टाकत होती. महाराज नगाऱ्याच्या टप्प्याबाहेर गेले तर सगळंच बुडालं!

महाराज कोसभर दौडले आणि ओढ्याकाठी थांबले. पाठलागाला कुणीच नव्हतं. त्यांना उतरवून घ्यायला चार माणसं लागत, म्हणून ते घोड्यावरच बसून राहिले. जिंकलोच म्हणून खुशीत गाणं गुणगुणू लागले.

दुपार झाली. महाराज नसले तरी वाड्यात रिवाजाप्रमाणे पान वाढलं गेलं, आणि नगारची वेळेचा पक्का. धडाड् धूम!

सारंग गर्रकन वळला.

"अरे थांब! मी महाराज आहे!" महाराज ओरडले. त्यांनी लगाम खेचला, मग घोड्याच्या मानेलाच मिठी मारली. ओढा, माळ, भरला बाजार मागे टाकत सारंग थेट पागेत आपल्या जागेवर येऊन उभा राहिला आणि त्याने तोबऱ्यात तोंड खुपसलं.

"कुलूप कुठं लपवलंस, पोरी?" महाराज धापा टाकत म्हणाले.

"घोड्याच्या पोटात, सरकार! दाराचं कुलूप चोर फोडतो, ह्येच्यापर्यंत त्याचा हात पोचत न्हाई!"

महाराज सहजासहजी हार मानणारे नव्हते. "आणि चोर नगाऱ्याआधीच दोन कोस ओलांडून गेला तर? रात्रीचा आला तर? मग काय करशील?"

रावबाने डोळेच मिटून घेतले.

"त्याला एकच इलाज," गोजरा म्हणाली. "नगारा दर प्रहराला वाजला पायजे."

"पण तो माझं पान वाढल्यावर वाजतो!"

"मग दिवसरात्रीत आठ वेळा जेवा, सरकार! राज्यासाठी राजानं एवढं सोसायलाच हवं!"

महाराज पोट धरून असे हसले की सारंगचंही खाणं थांबलं. "सोडा रे सगळ्यांना! रावबा आजपासून पागेचा दारोगा, आणि हा सारंग गोजराचा! आणि मुदपाकखान्यात सांगा, पुढच्या प्रहराच्या पंक्तीच्या तयारीला आत्तापासूनच लागा!"