मागचे दोन लाल दिवे

डिसेंबरची दहा तारीख, बुधवार. पहाटे दाट धुके होते; साडेनऊच्या सुमारास ते विरले आणि कोवळे ऊन पडले. तालुक्याच्या गावी मोटारींच्या विजेची कामे करणारे एक वृद्ध मिस्त्री होते. त्या सकाळी त्यांच्या दुकानापुढे एक सोळा वर्षांची डिझेल मोटार धक्क्यावर सुरू होऊन, धापा टाकत येऊन थांबली.

गाडीतून घोसाळकर अप्पा उतरले. मोजणी खात्यातून निवृत्त झालेले, वय बाहत्तर. त्यांच्या पत्नी इंदुमतीबाई यांना दर मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिससाठी अडतीस किलोमीटरवरच्या जिल्ह्याच्या गावी न्यावे लागे. आदल्या दिवशी उपचार संपल्यावर गाडी सुरूच झाली नव्हती. चार तास सुया टोचून घेतलेल्या बाई दीड तास बाकावर बसून राहिल्या होत्या. मुलाने फोनवर बजावले होते, की पुन्हा असे झाले तर गाडी विकायची आणि आईसाठी ड्रायव्हरसह भाड्याची गाडी लावायची.

"मिस्त्री, सगळ्यात जोरकस असेल ती बॅटरी घाला," अप्पा म्हणाले. "थंडीत हिला फार जोर लागतो."

मिस्त्रींचा शिष्य प्रल्हाद एव्हाना बॅटऱ्यांच्या फळीकडे वळला होता. सूतगिरणी बंद पडल्यावर, वयाच्या अडतिसाव्या वर्षी तो हे काम शिकायला आला होता, आणि आता त्याला अकरा महिने झाले होते. जुने डिझेल इंजिन, त्यात थंडी. एका दमात जास्तीत जास्त जोर देणारी बॅटरी हवी, हे त्याला मुखोद्गत होते. तीच त्याने उचलून आणली.

मिस्त्री मात्र चालकाच्या जागेवर बसून दिव्यांच्या खटक्यावरून बोट फिरवत होते. हॉर्नचे बटण नव्यासारखे होते. हा खटका झिजून गुळगुळीत झाला होता.

"अप्पा, गाडी अडते कधी? घरून निघताना, की येताना?"

"येताना," अप्पा जरा चाचरत म्हणाले. "दुपारीच."

"मग ठेव ती परत फळीवर," मिस्त्री प्रल्हादला म्हणाले.

त्यांनी अप्पांची जुनीच बॅटरी चार्जिंगला लावली. शुक्रवारी प्रल्हाद सोबत येईल, डिकीत जादा बॅटरी असेल, घाबरू नये, असे सांगून त्यांची बोळवण केली. अप्पांचा उतरलेला चेहरा प्रल्हादला पाहवेना. ते गेल्यावर तो म्हणाला, "वस्ताद, आपण दुकान चालवतोय की पत्रिका बघतोय? माणूस गरजेपोटी आला, माल समोर आहे, आणि तुम्ही तिथी काढून दिलीत."

मिस्त्री हसले. "चार तास गाडीपाशी बस," ते म्हणाले. "काही दुरुस्त करू नकोस."

शुक्रवारी सहा वाजून दहा मिनिटांनी ते निघाले. गाडी दुसऱ्या प्रयत्नात सुरू झाली. धुक्यातून अप्पा इतक्या बेताने चालवत होते, की इंदुमतीबाई मागे वळून प्रल्हादला म्हणाल्या, "आमची वरात बैलगाडीतून निघाली होती. ती यापेक्षा भरभर गेली."

रुग्णालयात बाईंना वर सोडून आल्यावर अप्पांनी दाराजवळच्या मोकळ्या जागा सोडल्या. पत्र्याच्या शेडखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड आणि इमारतीकडे पाठ करून त्यांनी गाडी लावली. इंजिन बंद केले आणि दिव्यांचा खटका ओढला. आठ वाजून पाच मिनिटे झाली होती.

"अप्पा, दिवे राहिले."

"राहू देत," अप्पा म्हणाले, आणि पाण्याची बाटली भरायला गेले.

प्रल्हादला दोष सापडला होता. म्हातारपणी हट्ट वाढतो, असे मनाशी म्हणत त्याने हात लांब करून दिवे बंद केले. वस्तादांचे शब्द त्याला आठवले, पण एवढ्याशा गोष्टीला दुरुस्ती कोण म्हणेल?

दहा मिनिटांत वॉर्डातली मावशी धावत खाली आली. "घोसाळकर कुठायत? बाई उठून बसायला बघतायत. हाताला सुया लागल्यात, आणि म्हणतायत यांना काहीतरी झालं, दिवे गेले."

प्रल्हादने आधी खटका ओढला, मग तो तिच्यामागे जिना चढला. वॉर्डात नातेवाइकांना प्रवेश नव्हता. दाराच्या काचेतून त्याने पाहिले. खिडकीशी इंदुमतीबाईंचा पलंग होता. मधुमेहाने त्यांची नजर इतकी अधू झाली होती, की खालची माणसे आणि गाड्या त्यांना धुरकट दिसत. मात्र शेडच्या अंधारात दोन तांबडे ठिपके उमटले होते. त्यांच्याकडे तोंड करून बाई पुन्हा उशीवर टेकत होत्या.

साडेबाराला गाडी सुरू झाली नाही. प्रल्हादने डिकीतली बॅटरी लावून ती सुरू केली. वाटेत तो अप्पांना एवढेच म्हणाला, की दिवे त्याने बंद केले होते, चूक झाली. अप्पांनी मान हलवली.

दुकानात परतल्यावर त्याने सारे सांगितले. "दिवे बंद ठेवा म्हटलं की जुनी बॅटरीसुद्धा वर्ष काढेल, वस्ताद. पण माझ्यानं सांगवलं नाही."

मिस्त्रींनी काम बाजूला ठेवले. "दिवे जळत राहतात, एवढं मला खटक्यावरून कळलं होतं. का, ते अप्पांनी मला कधी सांगितलं नसतं, लाजले असते. तू काढलेली बॅटरी वाईट नव्हे. ती एका दमात खूप देते. पण थोडं थोडं, तास न् तास द्यायला लावलं की लवकर मरते. तू इंजिन पाहिलंस, गाडीचं वय पाहिलंस, थंडी पाहिलीस. गाडी उभी असताना काय काम करते, ते पाहायचं राहिलं. वस्तू निवडताना ती कुठे खर्च होणार आहे ते आधी बघावं. आणि माणूस मायेपोटी जिथे खर्च होतो, तिथे त्याला काटकसर शिकवू नये."

 प्रल्हादने फळीच्या खालच्या कप्प्यातली, थोडे थोडे तासन्‌तास देत राहणारी, जाड प्लेटांची वजनदार बॅटरी काढली. पट्टीने गाडीतली बॅटरीची बैठक मोजली. बॅटरी तीत बसत होती. मागचे दोन्ही बल्ब त्याने कमी वीज खाणाऱ्या एलईडीचे घातले आणि ते पूर्वीइतकेच लाल दिसतात ना, हे दुकानाच्या सावलीत गाडी उभी करून, वीस पावले मागे जाऊन पाहिले.

मंगळवार, सोळा डिसेंबर. पहाटे धुके, नंतर निरभ्र. मागचे दिवे आठ वाजून पाच मिनिटांपासून बारा वाजून वीस मिनिटांपर्यंत चालू होते. इंदुमतीबाई पुढच्या आसनावर बसल्या, अप्पांनी किल्ली फिरवली, आणि गाडी पहिल्याच प्रयत्नात सुरू झाली.