दाणा माझा सुटेना

ऐका हं. मांडी घालून बसा. हात मोकळे ठेवा, मधे मधे लागणार आहेत.

एक होती मुंगी. तिचं नाव टिकली. होतीही टिकलीएवढीच. एकदा तिला बालवाडीत राजगिऱ्याचा दाणा सापडला. पांढरा. फुललेला. गोड गोड. घरी तिचा धाकटा भाऊ वाट बघत होता. सकाळपासून उपाशी, बिचारा. टिकली दाणा घेऊन निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.

वाटेत आली खुर्ची. लाल लाल, मऊ मऊ. पाहुण्यांसाठी मांडलेली. टिकली खुर्चीवर चढली. दाणा खाली ठेवला. म्हणाली, "जरा दम खाते."

तेवढ्यात आले दाजीसाहेब. आज त्यांच्या हस्ते खाऊ वाटायचा होता. साहेब बसले. कुठे बसले? धप्प. दाण्यावरच बसले. टिकली कशीबशी निसटली. दाणा राहिला खाली. आणि साहेब बसल्या बसल्या झोपले. घुर्र घुर्र, घुर्र घुर्र.

बालवाडीच्या रोहिणीताई लाडवांचं ताट घेऊन उभ्या. मुलं ताटाकडे बघत बसलेली. साहेब उठतील तेव्हा खाऊ. आता काय म्हणावं या माणसाला? झोपायचं तर घरी झोपावं की नाही?

टिकली रडकुंडीला आली. साहेब नुसते कुशीला वळले तरी दाण्याचं पीठ होणार. मग भावाने खायचं काय?

साहेबांच्या बुडाशी होतं माकडहाड. तुम्हालाही आहे. धपकन बसलं की दुखतं ना, तेच ते. टिकली त्याच्याकडे गेली. टक टक.

"माकडहाडदादा, ऊठ ना. दाणा माझा सुटेना."

माकडहाड म्हणालं, "मी पडलो सगळ्यात खालचा. आधी वरच्यांनी उठायचं, मग मी. कणा ताठ झाला तर मी उठेन."

टिकली पाठीवर चढली. तुरु तुरु, तुरु तुरु. तिथे होता पाठीचा कणा. मणक्यावर मणका, मणक्यावर मणका. पण कसला ताठ? पार वाकलेला. टक टक.

"कणाकाका, ताठ हो ना. माकडहाड उठेना, दाणा माझा सुटेना."

कणा म्हणाला, "अगं, मोठ्या लोकांत ऊठबस आमची. वाकून वाकून सवय झाली. बरगड्या फुगल्या तर मी ताठ होईन."

टिकली छातीवर आली. तुरु तुरु, तुरु तुरु. छातीवरून हात फिरवा बरं. लागतात ना पट्ट्या पट्ट्या? त्या बरगड्या. त्यांचा झालाय पिंजरा. टक टक.

"बरगडीमावश्यांनो, फुगा ना. कणा ताठ होईना, माकडहाड उठेना, दाणा माझा सुटेना."

बरगड्या म्हणाल्या, "आम्ही उगाच नाही फुगत. हारासाठी मान पुढे होते ना, तेव्हा फुगतो. मान पुढे झाली तर आम्ही फुगू."

म्हणजे मुंगी गेली चुलीत, यांना हार हवा.

टिकली गळ्याशी आली. तुरु तुरु, तुरु तुरु. मान मागे पडली होती. साहेबांचं तोंड उघडं. टक टक.

"मानआत्या, पुढे हो ना. बरगड्या फुगेनात, कणा ताठ होईना, माकडहाड उठेना, दाणा माझा सुटेना."

मान म्हणाली, "माझ्या डोक्यावर केवढं ओझं आहे, दिसत नाही? कवटी हलली तर मी पुढे होईन."

टिकली टकलावर चढली. सुळ्ळकन घसरली. पुन्हा चढली. तुरु तुरु, तुरु तुरु. कवटी म्हणजे डोक्याचं हाड. वाजवून बघा आपापलं. हळू. शेजारच्याचं नाही, आपलं. टक टक.

"कवटीआजी, हल ना. मान पुढे होईना, बरगड्या फुगेनात, कणा ताठ होईना, माकडहाड उठेना, दाणा माझा सुटेना."

कवटी म्हणाली, "हळू बोल. माझ्या आत मोठमोठे विचार आहेत. आत्ता झोपलेत. कानातलं हाड थरथरलं तर मी हलेन."

आहे का? खालचा म्हणतो, वरच्याला विचार. वरची म्हणते, कानाला विचार. एवढ्याशा जिवाने हिंडायचं तरी किती?

टिकली कानाशी आली. तुरु तुरु, तुरु तुरु. कानाच्या आत आत होतं एक हाड. तांदळाच्या कणीएवढं. सगळ्या अंगातलं सगळ्यात छोटं. टिकली कानाच्या दारात उभी राहिली. टक टक.

"हाडुकबाळा, थरथर ना. कवटी हलेना, मान पुढे होईना, बरगड्या फुगेनात, कणा ताठ होईना, माकडहाड उठेना, दाणा माझा सुटेना."

छोटं हाड म्हणालं, "छे. मुलं केव्हाची खाऊ खाऊ करतायत. त्याने मी थरथरलं का? नाही. मग तुझ्या दाण्याने कशाला थरथरू? साहेबांना आवडेल असं काहीतरी बोल."

टिकलीला आला राग. खरंच राग आला. मग तिला बरगड्यांचं बोलणं आठवलं. मान कशासाठी पुढे होते? सांगा बघू.

टिकली कानात वाकली. हळूच म्हणाली, "साहेब, आपला सत्कार आहे. हार आणलाय."

झालं.

कानातलं हाड थरथरलं. थर थर थर.

कवटी हलली. डुगु डुगु.

मान पुढे झाली. सट्ट.

बरगड्या फुगल्या. टम्म.

कणा ताठ झाला. कट कट कट.

माकडहाड उठलं. टुणकन.

आणि दाणा सुटला.

टिकलीने दाणा उचलला आणि अशी पळाली, अशी पळाली. तुरु तुरु तुरु तुरु तुरु तुरु. मागे वळून बघितलंसुद्धा नाही.

इकडे साहेब उभे. मान पुढे. छाती फुगलेली. डोळे अजून मिटलेलेच. हार काही येईना. पहिल्या ओळीतल्या रेवूला वाटलं, साहेबांना तहान लागली असेल. तिने खुर्चीवर चढून आपली पाण्याची बाटली त्यांच्या गळ्यात अडकवली. पट्ट्यासकट. बरगड्या आणखी फुगल्या. साहेब म्हणाले, "आभारी आहे, आभारी आहे." आणि दोन्ही हात जोडले.

रोहिणीताई हुशार. त्यांनी जोडलेल्या हातांना ताट टेकवलं आणि म्हणाल्या, "साहेबांच्या हस्ते खाऊ झाला हं. घ्या रे मुलांनो."

मुलांनी लाडू घेतले. कुडुम कुडुम.

आणि टिकली? ती घरी पोचली. भाऊ दारातच बसला होता. तिने दाणा त्याच्यापुढे ठेवला. त्याने अर्धा खाल्ला. उरलेला अर्धा तिच्याकडे सरकवला आणि म्हणाला, "ताई, तू पण खा. दमलीस ना?"

एवढ्या मोठ्या माणसाच्या एवढ्या हाडांत हे कुणीच विचारलं नव्हतं.

दाणा गेला पोटात, गोष्ट राहिली ओठात.