साळिंदराचे चाकांवरचे घर

पावसाने पाठ फिरवलेल्या एका जंगलात एक साळिंदर राहत असे. राहत असे म्हटले खरे, पण बाळांनो, त्याचा पत्ता विचाराल तर कुणालाच सांगता आला नसता, कारण त्याचे घर होते चाकांवर. एक लाकडी खोली, वर गवताचे छप्पर, खाली ओंडक्याच्या चार चकत्या आणि पुढे ओढायला दोन दांड्या. मनाला येईल तिकडे घर न्यावे आणि सावली दिसली की उभे करावे, असा त्याचा थाट. त्या वर्षी मात्र तो हौसेने निघाला नव्हता. डोंगरापलीकडे त्याच्या लेकीला तीन पिल्ले झाली होती आणि तिकडे खायला एक मुळीसुद्धा उरली नव्हती. "बाबा, लवकर या, माझं दूध आटत चाललंय," असा तिचा निरोप कावळ्याने आणला. म्हाताऱ्याने होते नव्हते ते सगळे कंद उकरले, घर गच्च भरले आणि वाट धरली.

साळिंदर गबाळा होता असे समजू नका. उलट चोरांची त्याला फार धास्ती. दार त्याने खैराच्या जाड फळ्यांचे केले होते, त्याला दोन कड्या आणि मुठीएवढे कुलूप. कुठे थांबला की तो कुलूप लावी, ओढून बघी, चार पावले जाई, परत येई आणि पुन्हा ओढून बघी. तुमच्याही घरात असे कुणीतरी असेलच. घर झाडाला बांधायला वेलीचा दोरही त्याच्याजवळ होता, पण दर मुक्कामी गाठ मारा आणि सोडा, हा त्याला नसता उपद्व्याप वाटे.

तिसऱ्या दिवशी दुपारी तहानेने त्याचा जीव कासावीस झाला. झरा बराच आत होता आणि वाट अरुंद. त्याने उतारावर एका पळसाखाली घर उभे केले, चाकाखाली एक दगड सरकवला आणि कुलूप दोनदा ओढून पाहिले. तिथून मुंग्यांची रांग चालली होती. त्यातली एक मुंगी थांबून म्हणाली, "आजोबा, चाकं बांधली नाहीत तुम्ही."

"अगं, दार बघ की. हत्तीलाही उघडायचं नाही."

"आम्ही मेलेला नाकतोडा नेतो ना, तेव्हा त्याला वाटेत उघडत बसत नाही," मुंगी म्हणाली. "अख्खा ओढून नेतो. उघडायचं काम घरी गेल्यावर."

"तुझं आपलं काहीतरीच. घरात शिरायचं म्हणजे दारातूनच शिरावं लागणार ना?" साळिंदर म्हणाला. मुंगीला उशीर होत होता. ती रांगेत गेली.

शेजारीच एक रानडुक्कर सुकलेल्या चिखलात लोळत होते. ते आळसावून म्हणाले, "काय दार आहे पाहुणे, बघत राहावं असं. लवकर येताय ना?"

स्तुतीने म्हातारा खुलला. "पाणी पितो, जरा अंग भिजवतो. उन्हं कलली की आलोच," तो म्हणाला आणि झऱ्याकडे गेला. रानडुकराने दाराकडे ढुंकूनही पाहिले नाही. त्याने नाकाने दगड बाजूला सारला, दांड्यांमध्ये मुंडी घातली आणि उतारावरून घर खाली ओढत नेले.

साळिंदर परत आला तेव्हा पळसाखाली फक्त चाकांचे माग होते. ते माग बघत तो धापा टाकत घळीत उतरला. तिथे घर आडवे पडले होते. छप्पर उचकटलेले, आतला शेवटचा कंदही फस्त. दार मात्र शाबूत होते. दोन्ही कड्या जागच्या जागी आणि कुलूप लागलेले. म्हातारा त्या दारापाशी बसला आणि रडला. त्या रुक्ष रानात पुन्हा उकरायला काही नव्हते. मग तो तसाच रिकाम्या हातांनी पुढे चालू लागला.

पाचव्या दिवशी तो लेकीच्या बिळाशी पोहोचला. लेक बाहेर आली आणि त्याच्या मागच्या वाटेकडे बघू लागली. "घर मागून येतंय का, बाबा?" तिने विचारले. म्हाताऱ्याने मान हलवली आणि झाले ते सांगितले. तिने त्याला सावलीत बसवले. त्याच आठवड्यात धाकटे पिल्लू गेले आणि पंधरवड्याने मधले. लेकीने बापाला एका शब्दानेही बोल लावला नाही. लावला असता तर बरे झाले असते, असे म्हाताऱ्याला मरेपर्यंत वाटत राहिले.

तात्पर्य : चोर कोणत्या वाटेने येईल हे आपण ठरवू नये. चालते घर घेऊन निघालेल्याने दाराइतकीच चाकांचीही काळजी घ्यावी, आणि आपण किती वेळ घराबाहेर असू, हे वाटेवरच्या अनोळख्याला सांगू नये.