शिंप्याचा आरसा

एका गावात एक शिंपी होता आणि त्याच्या दुकानात माणूसभर उंचीचा एक आरसा होता. आरसा ठेवला होता गिऱ्हाइकांसाठी. नवी बंडी अंगात घातली की गिऱ्हाईक त्यात पुढून-मागून बघून घ्यायचं आणि खूश होऊन घरी जायचं. पण खरं सांगायचं तर त्या आरशात सगळ्यात जास्त बघायचा तो शिंपीच, आणि तेही स्वतःला नाही. गल्ली अरुंद होती, आरशाचं तोंड दाराकडे होतं, त्यामुळे दाराकडे पाठ करून बसलं तरी समोरच्या ओसरीवरचं सगळं त्यात लख्ख दिसायचं.

समोरच्या ओसरीवर वर्षभरापूर्वी परगावची एक बाई येऊन राहिली होती. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. सामान म्हणाल तर एक ट्रंक, दोन भांडी आणि पायाने चालवायची एक जुनाट शिलाई मशीन. मशीन तिच्या आजेसासूची होती. काळ्या अंगावरची सोनेरी वेलबुट्टी पुसट झालेली, चामड्याचा पट्टा दोनदा सांधलेला. ती पाहून शिंपी पहिल्या दिवशी पोटभर हसला होता. "मोडीत घातली तर खिळेसुद्धा निघायचे नाहीत हिचे," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा.

पुढे मात्र त्याचं हसणं आटलं. आधी पाटलीणबाईंची चोळी समोर शिवून झाली, मग गुरुजींचा सदरा. जो तो म्हणे, "बाईंचा टाका बघा, मुंग्यांची रांग चालल्यासारखा." शिंप्याकडचं काम काही कमी झालं नव्हतं. गाव मोठं होतं, कपडे सगळ्यांनाच लागत होते. पण समोरच्या पायऱ्या कुणी चढलं की याच्या पोटात दुखायला लागे, आणि तिची मशीन खडखडली की याच्या घशाखाली घास उतरत नसे.

"अहो, भाकरी निवतेय," बायको म्हणायची. "आरसा काय पळून जाणार आहे का?"

त्या गावची एक रीत होती. दरवर्षी देवीच्या जत्रेला देवळापुढे नवा चांदवा बांधायचे. चार खांबांना ताणलेलं कापडाचं ते छत, पट्ट्या शिवून केलेली दोन पाखं, म्हणजे दोन अर्धे, मधोमध जोडून केलेलं. देवळाच्या माळवदावरून गाव त्यावर खोबऱ्याच्या वाट्या आणि खारका उधळायचं, आणि तेवढा भार पोटात घेऊन चांदवा उभा असताना पालखी त्याच्या खालून जायची. चांदवा उसवला तर पालखी पुढे सरकत नसे. तो शिवण्याचा मान या शिंप्याच्या घरी तीन पिढ्या होता. जत्रेत त्याला फेटा बांधायचे, पाटलाच्या शेजारी बसवायचे. वर्षातला तेवढा एक दिवस तो आरशात स्वतःला बघायचा.

त्या वर्षी पाटलाने त्याला बोलावलं. "मास्तर, औंदा एक पाख तुम्ही शिवा, एक बाई शिवतील. ज्याची शिवण सरस ठरंल, पुढं मान त्याचा."

शिंपी 'बरं' म्हणाला आणि घरी आला. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. रात्र-दिवस एकच विचार. आपल्या हाताला काय धाड भरलीय? आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही. मग हिची शिवण सरस कशी? विचार करून करून त्याने उत्तर शोधून काढलं, आणि हेवा करणाऱ्याला नेहमी सोयीचं असतं तेच उत्तर त्याला सापडलं. बाईचं काही नाही, सगळी करामत त्या मशीनची.

झालं. त्याने आपली चांगली चालती मशीन बैलगाडीत घातली, तालुक्याच्या बाजारात नेली आणि तिच्या बदल्यात अगदी बाईच्यासारखीच एक जुनी मशीन घेऊन आला. तशीच काळी, तशीच वेलबुट्टी. बायकोने कपाळाला हात लावला.

गाडीतून मशीन उतरताना बाई ओसरीवरून खाली आली. तिला मनापासून आनंद झाला होता. "मास्तर, ही तर आमच्या मशीनची बहीणच दिसते. छान चालेल. फक्त दोरा ओवायची हिची एक खोड आहे. सांगू का?"

हा एक क्षण होता. 'सांगा' एवढंच उत्तर त्याला द्यायचं होतं.

"बाई," शिंपी म्हणाला, "सुई-दोऱ्यात माझे केस पांढरे झाले. मला ओवायला शिकवता?"

बाईचा चेहरा उतरला. "चुकलं माझं," म्हणत ती परत गेली.

तोंडाने नको म्हटलं, पण मनात किडा वळवळायला लागला. कसली खोड? काय लपवते ही? दुपारी बाई कामाला बसली, तसा शिंपी आरशापुढे कात्रीला धार लावण्याचं सोंग करून उभा राहिला. बाईने रिळाचा दोरा वरून खाली आणला, कड्यांतून नेला, ओठांत धरून टोक ओलं केलं. आरशात तिचा डावा हात पुढे आला आणि दोरा डावीकडून सुईत शिरला.

शिंप्याला हसूच आलं. जन्मभर तोही दोरा डावीकडूनच ओवत आला होता. "हात् तिच्या, मी ओवतो तस्संच तर ओवते," तो बायकोला म्हणाला. "आणि म्हणे खोड. उगीच टेंभा मिरवायचा."

मोठ्या ऐटीत तो पाख शिवायला बसला. पाय हलले, चाक फिरलं, चार टाके पडले आणि पाचवा चुकला. पुन्हा सहा पडले, दोन चुकले. दोरा तुटला. त्याने सुई बदलली, तेल घातलं, पट्टा आवळला. तरी तेच. वरून शिवण बरी दिसायची, पण कापड उलटं केलं की खाली दोऱ्याचे सैल फासे लोंबायचे.

"ही मशीनच खोडसाळ आहे," तो करवादला.

"नाचता येईना, अंगण वाकडं," बायको म्हणाली. "समोरच तर जायचंय. विचारून या ना. बाई काही खाणार नाहीत तुम्हाला."

तो उठला, गल्ली ओलांडून खरंच समोरच्या पहिल्या पायरीपर्यंत गेला. वर पाटलीणबाई बसल्या होत्या. "बाई, असा हात गावात दुसरा न्हाई," त्या म्हणत होत्या. ते शब्द कानात शिरले आणि शिंप्याचा पाय पायरीवरून मागे आला. विचारायचं ते राहूनच गेलं. दुकानात येऊन त्याने लोंबणारे फासे दुमडीत आत दडवले, वरून कडक इस्त्री फिरवली, आणि देवीला मनातल्या मनात म्हणाला, एवढं वर्ष निभावून ने.

जत्रेच्या सकाळी दोन्ही पाखं जोडून चांदवा चढला. इस्त्रीमुळे शिंप्याचं पाखच उजवं दिसत होतं. लोकांनी तारीफ केली, पाटलाने मान डोलावली. शिंप्याने हळूच बाईकडे पाहिलं. ती हसून बघत होती, तेही त्याला खुपलं.

मग माळवदावरून उधळण सुरू झाली. पहिली टोपली पेलली. दुसऱ्या टोपलीला कुठेतरी बारीक टर्र झालं. तिसऱ्या टोपलीला शिंप्याचं पाख या टोकापासून त्या टोकापर्यंत उसवलं आणि खोबऱ्याच्या वाट्या धडाधड खाली बसलेल्या पाटलाच्या फेट्यावर आल्या. पोरं खिदळली. भोई पालखी खांद्यावर घेऊन जागच्या जागी उभे राहिले. शिंप्याला वाटलं, आता इथेच जमीन दुभंगावी.

बाईच पुढे आली. "पाटील, चांदवा उतरवा. आणि दोन्ही मशिनी इथं आणा. दोघं मिळून बसलो तर उन्हं चढायच्या आत होईल."

देवळापुढे दोन काळ्या मशिनी शेजारी शेजारी मांडल्या. शिंपी मान खाली घालून बसला. शेजारी बाईने दोरा घेतला आणि शिंप्याने वर्षभरात पहिल्यांदाच तिच्या हातांकडे आरशाशिवाय सरळ पाहिलं. तिने दोरा उजव्या हातात धरला होता. तो उजवीकडून सुईत गेला आणि डावीकडे निघाला.

शिंप्याला दुकानातला आरसा आठवला. नव्या बंडीचा डावीकडचा खिसा आरशात उजवीकडे दिसतो, हे तोच तर गिऱ्हाइकांना हसत हसत समजावून सांगायचा.

बाईचं लक्ष त्याच्या सुईकडे गेलं होतं. सगळा प्रकार तिच्या ध्यानात आला, पण गावादेखत ती काही बोलली नाही. तोही गुपचूप दोरा काढून पुन्हा ओवू शकला असता. कुणाला काही कळलं नसतं. त्याने हात पुढे नेला, थांबवला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "बाई, ह्या मशीनला दोरा कुठून ओवायचा? मला येत नाही."

"उजवीकडून, मास्तर," बाई म्हणाली. "आपल्या सवयीच्या उलट. मलापण आजेसासूबाईंना विचारावंच लागलं होतं."

त्याने ओवला. पाय हलले, चाक फिरलं, आणि टाके असे पडत गेले की बघणाऱ्यांना कोणती शिवण कुणाची हे सांगता येईना. चांदवा पुन्हा चढला, सात टोपल्या पोटात घेऊन ताठ राहिला, आणि पालखी खालून गेली.

फेटा कुणाला, हे पाटलाने विचारायच्या आत शिंप्याने तो बाईपुढे ठेवला. तेव्हापासून त्या गावचा चांदवा दोघं मिळून शिवतात. शिंप्याच्या दुकानात आरसा अजून आहे, पण त्याने तो बाजूच्या भिंतीला टेकवून त्याचं तोंड दारापासून फिरवलंय. आता त्यात फक्त गिऱ्हाईक दिसतं. समोरच्या ओसरीवर काय चाललंय ते पाहायचं झालं, तर शिंपी उठून तिथे जातो आणि चहाही तिथेच घेतो.

तात्पर्य एवढंच: हेव्याने चोरून पाहिलं की सरळ गोष्टही उलटी दिसते, शिकायचं असेल तर समोर जाऊन विचारावं.