दोन पायांचा शंख

शंखावरचा आकडा विचारायचा नाही, हा त्या किनाऱ्यावरचा पहिला नियम होता. पिल्लाला पाण्याची चव कळायच्या आधी तो सांगितला जाई. आकडा वाचायचा, डोळे खाली घालायचे आणि टिटवीच्या कानात आपली बोली सांगायची. दुसऱ्याने किती सांगितले, तेही विचारायचे नाही.

त्या किनाऱ्यावर शंखात राहणारे खेकडे होते. अशा खेकड्याची पाठ जन्मभर मऊ असते. अंग वाढते, शंख वाढत नाही; म्हणून काही काळाने मोठा शंख घ्यावाच लागतो. उधाणाच्या भरतीत ज्याची पाठ उघडी राहिली, तो परत दिसत नाही. शंखांचा तुटवडा होता असेही नाही. समुद्र शंख आणून टाकतच होता. पण भरतीने आणलेला प्रत्येक चांगला शंख उजाडायच्या आत मर्यादवेलीखाली गोळा झालेला असे, आणि मर्यादवेलीखाली ज्येष्ठ बसत. एकेका ज्येष्ठाकडे पाच-पाच, सहा-सहा रिकामे शंख होते.

किंमत पायांत मोजत. आठ पायांपैकी ठरतील तेवढे नांगीने तोडून द्यायचे. तुटलेला पाय पुन्हा फुटत असे, पण पुरता वाढायला निम्मे आयुष्य जाई. त्यातला एक पाय टिटवी खाई, कारण बोली ती पुकारी. बाकीचे पाय मोळी बांधून वेलीच्या बुंध्याशी रचले जात. एखाद्या ज्येष्ठाला आणखी एक शंख हवासा वाटला, की तो मोळीतून पाय काढून देई. तरुणांकडे मोळ्या नव्हत्या. त्यांच्याकडे स्वतःचे पाय होते.

फार पूर्वी म्हणे रांग असायची. रिकामा शंख सापडला की सगळे उंचीप्रमाणे मागेपुढे उभे राहत. सर्वांत मोठा त्यात शिरे, त्याच्या मोकळ्या शंखात त्याच्या मागचा, त्याच्यात त्याच्या मागचा. कुणाचा पाय तुटत नसे. पण ही गोष्ट आता फक्त पिल्लांना झोपवताना सांगत, आणि ज्येष्ठ ती ऐकली की हसत.

ज्येष्ठांना चालताना कुणी पाहिले नव्हते. ते शंखात बसलेले असत, बाहेर दिसत ते डोळे आणि एक नांगी. त्यांच्यातले सर्वांत वडील भोवऱ्याआबा दर सभेत सांगत, "आम्ही सात-सात पाय दिले तेव्हा हे छप्पर मिळालं. रडलो नाही." ते ऐकून तरुणांना आपल्या रडण्याची लाज वाटे. म्हणून दर भरतीला ज्येष्ठांचे शंख ढकलत उंच वाळूवर न्यायचे आणि ओहोटीला परत आणायचे, हा तरुणांचा मान होता. तीन पायांचा खेकडा चार पायांच्या खेकड्याला हाक मारी, "चल रे, आबांना हलवायचंय."

पुळणी नावाच्या एका तरुण खेकडीचा शंख तडकला, तेव्हा उधाणाला चार दिवस उरले होते. लहानपणापासून ती त्याच शंखात होती. तिने अजून काही विकत घेतले नव्हते, म्हणून तिचे आठही पाय शाबूत होते. शंखाची चीर खांद्यापासून निघून पाठीपर्यंत आली होती.

ती मावशीकडे गेली. मावशीचे तीन पाय उरले होते. चालताना तिचा शंख एका बाजूने वाळूत घासत जाई.

"मावशी, वेलीखाली तो तपकिरी शंख आहे ना, त्याच्यावर दोन लिहिलंय."

"मग पाच धर," मावशी म्हणाली.

"अगं, दोन लिहिलंय."

"लिहिलेलं असतं ते गर्दी जमवायला."

"मग पाचच का नाही लिहीत?"

"पाच लिहिलं असतं तर तू बघायला गेली असतीस का?" मावशीने पुळणीच्या शंखावरच्या चिरेवर नांगी फिरवली. "हे बघ पोरी, तुझं तोंड फार चालतं. उधाण चार दिवसांवर आलंय. पाच सांग, सहा सांग, पण या खेपेला शंख घेऊनच ये. दोन पायांवरही जगता येतं."

"तू जगतेस तसं?"

मावशीने चिरेवरची नांगी काढून घेतली. मग म्हणाली, "आबांनी तर सात दिले."

जुना शंख आवळू लागल्यापासून पुळणी तीन बोल्यांना जाऊन आली होती. तिन्ही शंखांवर दोन लिहिलेले होते. पहिला पाचला गेला, दुसरा पाचला, तिसरा सहाला. दर वेळी टिटवी तिच्या डोक्यावर एक घिरटी घालून सांगे, "जराशासाठी हुकलीस गं बाय!"

या खेपेला पुळणी बोलीच्या आधी कालवाकडे गेली. दोन वर्षांपूर्वी तरुणांनी आकड्यांवरून आरडाओरडा केला होता, तेव्हा ज्येष्ठांनीच त्यांची समजूत काढायला खडकावरच्या एका कालवाची नेमणूक केली होती. आकड्यांवर देखरेख ठेवायची, हे त्याचे काम. अडचण एवढीच होती की कालव पाण्याखाली गेल्यावरच उघडे आणि खेकड्यांना खडकापर्यंत ओहोटीतच जाता येई. पुळणी ओहोटीत गेली आणि खडकाला धरून बसून राहिली. पाणी पोटापर्यंत आले, डोळ्यांपर्यंत आले, तेव्हा कालव बोटभर उघडले.

"शंखावर दोन लिहितात आणि पाचला विकतात," पुळणी घाईघाईने म्हणाली.

"आकडा ठळक होता?" कालवाने विचारले.

"होता."

"वाचता आला?"

"आला."

"मग तक्रार कशाची?"

"आकडा खोटा आहे!"

कालवाने बराच वेळ विचार केला. तेवढ्यात दोन लाटा तिच्या डोक्यावरून गेल्या.

"खरं-खोटं आमच्याकडे येत नाही," ते शेवटी म्हणाले. "आमच्याकडे ठळक आणि पुसट येतं. तरी दखल घेऊ."

आणि ते मिटले. पुळणी पाण्यातून धडपडत परत आली. वाटेत शंखाची चीर आणखी वाढली. दुसऱ्या दिवशी तिने पाहिले, तर खरोखरच दखल घेतली गेली होती. तपकिरी शंखावरचा दोनचा आकडा दुप्पट मोठा केला होता आणि त्याच्याखाली कालवाची मोहोर होती.

त्याच्या पुढच्या पहाटे आबांना हलवण्याची पाळी पुळणीची होती. चीर ठणकत होती म्हणून ती लवकर उठली आणि वेलीखाली लवकर पोचली. रात्रीच्या ओहोटीने वाळू पुसून सपाट केली होती. त्या सपाट वाळूवर आबांच्या शंखापासून एक माग निघाला होता. तो वेलीच्या बुंध्याशी, मोळ्यांपर्यंत गेला होता आणि परत आला होता.

त्या किनाऱ्यावरचे सगळे माग पुळणी ओळखत असे. मावशीचा म्हणजे तीन टिंबे आणि एक फरफट. तिचा शेजारी खरबा याचा म्हणजे चार टिंबे, तीही डावीकडे जास्त. हा माग वेगळा होता. एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला चार, सारख्या अंतराने, आणि फरफट कुठेच नाही. आधी तिला वाटले, एखादे पिल्लू गेले असेल. तिला सोडले तर आठ पाय तेवढे पिल्लांनाच होते. मग तिने आपला पाय एका खळग्यात घालून पाहिला. तो अर्धा आत गेला. एवढे जड पिल्लू त्या किनाऱ्यावर नव्हते.

"कोण आहे?" आतून आबांचा झोपाळू आवाज आला. "पुळणी का? हळू ढकल हो. अंग आता पहिल्यासारखं राहिलं नाही."

पुळणीने नेहमीप्रमाणे शंखाला पाठ लावली आणि ढकलायला सुरुवात केली. थोडे अंतर गेल्यावर तिने मागे वळून पाहिले. शंख घसटत गेला होता तिथला माग पुसून गेला होता. ती थांबली. रोज कुणीतरी ढकलत होते, आणि रोज तो पुसला जात होता.

बोली उधाणाच्याच दिवशी ठेवली होती. उधाण अंगावर आले की आकडे चढतात, हे टिटवीला ठाऊक होते. वेलीसमोर एकोणीस खेकडे जमले. मागे अकरा ज्येष्ठ ओळीने मांडून ठेवल्यासारखे बसले होते. समुद्र दुरून पुढे सरकत होता.

"दोन! दोन पायांचा शंख!" टिटवी ओरडत होती. "आतून गुळगुळीत, पाठीला कुठे टोचायचं नाही! कालवाची मोहोर बघून घ्या! या, या!"

मग ती एकेकापाशी उतरून कान पुढे करू लागली. पुळणीजवळ आली.

"दोन," पुळणी म्हणाली.

टिटवी हसली. "दोन तर नुसतं आत डोकवायला, बाय. तुझ्या पाठीची चीर इथून दिसतेय मला. तुझ्यापुढे एकजण आहे हो. किती ते सांगता यायचं नाही. पण पाचाच्या खाली तोंड उघडू नकोस."

ती उडून पुढे गेली. खरब्यापाशी जरा जास्त वेळ थांबली. खरब्याचे चार पाय उरले होते. टिटवी गेल्यावर तो नांगी उघडून स्वतःच्या पायांकडे बघत उभा राहिला.

"खरबा, तू किती सांगितलेस?" पुळणीने मोठ्याने विचारले.

सगळ्यांचे डोळे खाली गेले. मावशीने मागून दटावले, "पुळणी!"

"बोली सांगायची नसते," खरबा पुटपुटला.

"मी दोन सांगितले. तू?"

खरबा इकडेतिकडे पाहू लागला. "मी आधी तीन म्हटलं. पण ती म्हणाली, तू पाच दिलेस. म्हणून मग चार... आणि नांगीचं एक बोट."

"तुझ्याकडे चारच आहेत. मग शंख उचलणार कशाने?"

"ते नंतर बघू म्हणाली."

"मीही तीनच म्हटले होते," मागून कुणीतरी म्हणाले. "मला म्हणाली, खरबा सहा देतोय."

"सहा? कुठून देणार होतो मी सहा?"

कुणीतरी फसकन हसले. मग एकोणीस जणांनी एकोणीस आकडे सांगितले. ते एका दमात सांगितले गेले, जणू बरेच दिवस घशात अडकले होते. पाचापर्यंत कुणीच गेले नव्हते.

"पलीकडच्या खाडीतला एक आहे!" टिटवी घिरट्या घालत किंचाळली. "त्याने पाच सांगितलेत!"

"बोलाव त्याला," पुळणी म्हणाली.

तेव्हा भोवऱ्याआबांनी नांगी वर केली. सगळे शांत झाले. सवयच तशी होती.

"पोरी," आबा म्हणाले, "तुमच्या पिढीला सगळं आयतं हवं. आम्ही सात-सात पाय दिले. या वाळूत सरपटलो. कुणापुढे तक्रार नाही केली. आज आम्हाला जागचं हलता येत नाही, ते कशामुळे? या छपरासाठी. आणि तू इथे उभी राहून आकडे विचारतेस? नियम माहीत आहे ना?"

"माहीत आहे, आबा."

"मग?"

"मी आकडा विचारत नाही," पुळणी म्हणाली. "पायही देत नाही. एकही नाही. आणि आज भरतीला तुम्हाला ढकलणार नाही."

"अगं, उधाण आहे आज!" मावशी ओरडली. "वाहून जातील ते! पाय नाहीत त्यांना!"

"मावशी, थोडा वेळ थांब."

पुळणी तपकिरी शंखापाशी जाऊन उभी राहिली. खरबा तिच्याहून बोटभर लहान होता. तो तिच्या मागे येऊन उभा राहिला. त्याच्या मागे तिसरा आला. रांग कशी लावायची हे कुणाला शिकवावे लागले नाही. सगळ्यांनी ती झोपताना ऐकली होती. पुळणीने तडकलेला शंख सोडला. एक क्षणभर तिची मऊ, उघडी पाठ साऱ्या किनाऱ्याला दिसली. मग ती तपकिरी शंखात शिरली. तडकलेला तसाच पडू देऊन खरब्याने आणि बाकीच्यांनी ज्येष्ठांच्या मागच्या रिकाम्या शंखांकडे मोर्चा वळवला, आणि एकाच्या सोडलेल्या शंखात दुसरा शिरत गेला.

"अरे, थांबवा त्यांना!" एक ज्येष्ठ दुसऱ्याला म्हणाला. दुसरा तिसऱ्याला म्हणाला. कुणी उठले नाही. थांबवायला जायचे, तर चालावे लागले असते.

पाणी वेलीच्या पहिल्या पानांपर्यंत आले. आबांनी मावशीला हाक मारली, "शहाणी ना तू? चल, लाव पाठ." मावशी तीन पायांवर पुढे निघाली आणि अर्ध्या वाटेत थांबली. तिला काय वाटले कोण जाणे. ती नुसतीच आबांच्या शंखाखालच्या वाळूकडे बघत राहिली.

पहिली लाट शंखाला लागून गेली. दुसरीने तो किंचित फिरवला. तिसरी मोठी दिसत होती, आणि ती येण्याच्या आधी आबांचा शंख वाळूवरून हळूच वर उचलला गेला.

"एक," मावशी म्हणाली. "दोन."

शंख कोरड्या वाळूकडे निघाला. त्याच्या मागोमाग बाकीचे दहा उचलले गेले.

"तीन. चार. पाच." मावशीचा आवाज चिरकत होता. "सहा. सात."

ती पुढचा आकडा मोठ्याने म्हणाली, तेव्हा अकराही शंख उंच वाळूवर पोचले होते. त्यांच्या मागे, ओल्या वाळूवर, अकरा माग उमटले होते; दोन्ही बाजूंना सारखे, फरफट नसलेले. ढकलायला कुणी नव्हते, म्हणून ते तसेच राहिले. भोवऱ्याआबांनी काही बोलण्यासाठी नांगी वर केली, रांगेकडे पाहिले, आणि ती नांगी आत ओढून शंखाचे तोंड बंद करून घेतले.